किटमधून माइक प्रीअँप : बोर्ड सोपा, डबा अवघड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरच्या एका खोलीत गाणं आणि पेटी रेकॉर्ड करता. माइक डायनॅमिक आहे, म्हणजे चुंबक आणि कॉइलचा. साध्या दोन चॅनलच्या इंटरफेसला (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याला) तो जोडला की गेनचं, म्हणजे सिग्नल किती मोठा करायचा ते ठरवणारं, बटण जवळजवळ शेवटपर्यंत फिरवावं लागतं आणि मग मागे ‘सूं’ ऐकू येतं. बाहेरून प्रीअँपचं (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या सर्किटचं) किट मागवून स्वतः जोडावं का, जोडायचं तर कोणतं, खर्च किती, आणि कॉलेजात प्रॅक्टिकलपुरतं सोल्डरिंग केलेल्या माणसाला ते जमेल का?

जमेल. पण निव्वळ ते ‘सूं’ घालवायला किट घेत असाल तर पैसे बाजूला ठेवा आणि आधी हे आकडे बघा.

श्युअरच्या एसएम७बीसारखा माइक ९४ डीबीच्या आवाजाला, म्हणजे तोंड जवळजवळ जाळीला लावून साधं बोलल्यावर, सव्वा मिलिव्होल्टही देत नाही. कंपनीचा आकडा १.१२ मिलिव्होल्ट आहे. एसएम५७, एसएम५८ थोडे जास्त देतात, पण तेही दोनच्या आतच. हातभर अंतरावरून हळू गायलात की माइकपाशी आवाज ७४ डीबीच्या आसपास उरतो आणि सिग्नल दशांश मिलिव्होल्टवर येतो. दुसऱ्या बाजूला माइकची कॉइल १५० ओहमची धरली, तर तिच्यातल्या इलेक्ट्रॉनच्या उष्णतेमुळे होणाऱ्या हालचालीचा स्वतःचा नॉइज असतो : २० किलोहर्ट्झपर्यंत मोजला तर सुमारे ०.२२ मायक्रोव्होल्ट, म्हणजे −१३१ डीबीयू (०.७७५ व्होल्टच्या तुलनेत मोजलेले डीबी; उणे आकडा जितका मोठा तितका नॉइज कमी). हा भौतिकशास्त्राचा तळ आहे. लाखाचा प्रीअँप आणला तरी याच्या खाली जाता येत नाही. आजच्या बऱ्यापैकी इंटरफेसचा इनपुट नॉइज पूर्ण गेनला −१२८च्या आसपास असतो. म्हणजे उत्तमात उत्तम किट जोडून तुम्हाला मिळवायला जागा उरते ती दोन-तीन डीबीची. माइक हातभर अंतरावरून वीतभर अंतरावर आणलात तर सहा डीबी फुकट मिळतात.

म्हणून पहिलं काम किट शोधण्याचं नाही. एका एक्सएलआर मेल कनेक्टरमध्ये (माइकच्या केबलला असतो तो तीन पिनांचा) पिन २ आणि ३ यांच्यामध्ये १५० ओहमचा मेटल फिल्म रेझिस्टर सोल्डर करा, कनेक्टरचं झाकण लावा, आणि तो इंटरफेसच्या इनपुटमध्ये खुपसून नेहमीच्याच गेनला मिनिटभर रेकॉर्ड करा. मग त्याच गेनला माइक लावून, कोणीही न बोलता, मिनिटभर रेकॉर्ड करा. दोन्ही एकाखाली एक ठेवून ऐका. माइकवाला ट्रॅक स्पष्टपणे जास्त आवाज करत असेल तर ते ‘सूं’ पंख्याचं, फ्रिजचं किंवा रस्त्याचं आहे आणि कोणताही प्रीअँप ते इमाने इतबारे मोठंच करून देईल. दोन्ही सारखेच असतील आणि दोन्ही मोठे असतील, तर इंटरफेसचा प्रीअँप खरंच कमकुवत आहे. तेव्हा पुढचं वाचा.

पुढचं वाचायची आणखी दोन चांगली कारणं आहेत. एक, ट्रान्सफॉर्मरवाल्या प्रीअँपचा स्वतःचा एक रंग असतो, तो हवा असतो. दोन, हे शिकायचंच असतं. दुसरं कारण मला जास्त पटतं.

आता किट कोणतं. ढोबळमानाने दोन जाती. पहिल्या जातीत सगळं काम एक आयसी करते : टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची आयएनए२१७, अ‍ॅनालॉग डिव्हायसेसची एसएसएम२०१९ किंवा दॅट कॉर्पोरेशनची १५१०, १५१२. या आयसी माइकसाठीच बनवलेल्या आहेत, नॉइज एक नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झच्या घरात, म्हणजे फारच कमी, गेन ६० डीबी सहज. दुसऱ्या जातीत इनपुटला ट्रान्सफॉर्मर आणि मागे सुट्या ट्रान्झिस्टरवर बांधलेला अँप्लिफायर : क्लासिक एपीआयचं व्हीपी२६ आणि व्हीपी२८, हेअरबॉलचं लोला, साउंड स्कल्प्टरची नीव्हच्या धाटणीची एमपी५७३, सेव्हन्थ सर्कलचं एन७२. यातली बरीचशी ५०० सिरीजच्या आकारात येतात, म्हणजे मॉड्यूल तुम्ही बनवता आणि ±१६ व्होल्ट आणि ४८ व्होल्ट देणारा रॅक वेगळा विकत घेता.

पहिल्यांदाच करताय तर पहिल्या जातीतलं, थ्रू-होल पार्टचं (पाय बोर्डाच्या भोकांतून जातात असं), एक किंवा दोन चॅनलचं किट घ्या. ट्रान्सफॉर्मरच्या किटमध्ये जेन्सन किंवा लुंडाहलचा एक इनपुट ट्रान्सफॉर्मरच बाकी सगळ्या पार्टांपेक्षा महाग पडतो, आणि त्याच्या बारीक पायांवर पहिलं सोल्डरिंग शिकू नये. ५०० सिरीज मात्र एका बाबतीत नवख्याच्या फायद्याची आहे : पॉवर सप्लाय आणि २३० व्होल्टची वायरिंग रॅकवाल्याने आधीच करून ठेवलेली असते. किटच्या कामात जी गोष्ट खरी अवघड आणि खरी धोक्याची आहे, ती तिथे तुमच्या वाट्याला येत नाही. परवडत असेल तर हा रस्ता वाईट नाही. फक्त एका मॉड्यूलसाठी रॅक घ्यायचा म्हणजे खर्च दुप्पट होतो, हे मागवण्याआधी जोडून बघा. त्यावर कस्टम्स आणि कुरिअरवाल्याचा आकार वेगळाच.

किटची परीक्षा मी त्याच्या मॅन्युअलवरून करतो. पूर्ण सर्किट डायग्राम दिलेला नाही, ‘इथे हा पार्ट लावा’ एवढीच चित्रं आहेत, तर ते किट घेऊ नका. बिघडल्यावर तुमच्या हातात काहीच नसेल.

आयसीचं एक सांगून ठेवतो. या आयसी सुट्या घ्यायच्या झाल्या तर नावाजलेल्या डिस्ट्रिब्युटरकडूनच घ्या. बाजारात आणि ऑनलाइन पुसून नवं नाव छापलेल्या नकली आयसी भरपूर फिरतात, विशेषतः बंद झालेल्या एसएसएम२०१७च्या नावाने. त्या चालतातही, म्हणून फसवणूक लक्षात येत नाही. फक्त नॉइज बराच जास्त असतो आणि माणूस आठवडाभर वायरिंगमध्ये दोष शोधत बसतो. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत रेझिस्टर, कनेक्टर, वायर, हीट-श्रिंक स्लीव्ह, नट-बोल्ट खुशाल घ्या. मुख्य आयसी मात्र तिथे शोधू नका.

सोल्डरिंगला २५ वॅटची साधी सोल्डरॉन (सोल्डरिंग आयर्न) चालते. तापमान ठरवता येणारं स्टेशन असेल तर ३५० अंशांच्या आसपास ठेवा. सोल्डर ६३/३७ किंवा ६०/४० (कथील/शिसं), आत रोझिन फ्लक्स असलेलं, बारीक. शिसंविरहित सोल्डरच्या वाटेला पहिल्यांदा जाऊ नका. क्रम बुटक्याकडून उंचाकडे : रेझिस्टर, डायोड, आयसीचे सॉकेट, छोटे कपॅसिटर, मग इलेक्ट्रोलिटिक, शेवटी कनेक्टर आणि पॉट (नॉबने फिरवायचा, किंमत बदलणारा रेझिस्टर). एक टक्क्याच्या निळ्या रेझिस्टरवर पाच पट्टे असतात आणि ट्यूबलाइटच्या उजेडात तपकिरी, लाल, नारिंगी सगळे भाऊ-भाऊ दिसतात. पट्टे वाचू नका, प्रत्येक रेझिस्टर मल्टीमीटरने मोजूनच लावा. वेळ लागतो, पण चुकून लागलेला रेझिस्टर नंतर शोधायला त्याच्या कितीतरी पट लागतो.

मोजायला बसलाच आहात तर दोन रेझिस्टर वेगळे काढायचे आहेत. फँटमचे, म्हणजे कंडेन्सर माइकला त्याच केबलमधून दिल्या जाणाऱ्या विजेचे, ४८ व्होल्ट माइकच्या दोन्ही तारांवर दोन ६.८ के (काही किटमध्ये ६.८१ के) रेझिस्टरमधून जातात. हे दोघं एकमेकांशी ०.४ टक्क्याच्या आत जुळले पाहिजेत असं मानक सांगतं, म्हणजे २७ ओहमच्या आत. जुळले नाहीत तर केबलवर दोन्ही तारांत सारखाच शिरलेला हम (विजेची गुणगुण) प्रीअँपमध्ये वजा होताना पूर्ण वजा होत नाही. बाजारातून ६.८ केची एक पट्टी आणा, वीस-पंचवीस मोजा आणि ज्यांचं रीडिंग शेवटच्या आकड्यापर्यंत सारखं येतं अशी जोडी घ्या. तुमचा मल्टीमीटर स्वस्तातला आहे, एक टक्का खोटं बोलतो, हरकत नाही. दोघांबद्दल सारखंच खोटं बोलतो, आणि आपल्याला फक्त फरक हवा आहे. फक्त बोटांनी धरून मोजू नका, अंगाचा रेझिस्टन्स समांतर जोडला जातो आणि बोटांच्या उबेने रीडिंगही सरकतं. हे रेझिस्टर अर्ध्या वॅटचे घ्या. माइकची केबल शॉर्ट झाली तर प्रत्येकावर एक तृतीयांश वॅट पडतो, पाव वॅटचा रेझिस्टर तिथे हळूहळू भाजतो आणि त्याची किंमत सरकते. मग जुळवलेली जोडी जुळलेली राहत नाही.

फँटमपाठोपाठ आयसीच्या आधी दोन इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर येतात, साधारण ४७ मायक्रोफॅरड. त्यांचं काम ४८ व्होल्टला आयसीपर्यंत न जाऊ देणं. अधिक टोक एक्सएलआरच्या बाजूला, आणि व्होल्टेज ६३. पन्नासवाला दिसतो पुरेसा, पण फँटम नियमाप्रमाणे ५२ पर्यंत जाऊ शकतो. या कपॅसिटरांबद्दल दॅटच्या गॅरी हेबर्ट आणि फ्रँक थॉमस यांनी २००१ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीत एक निबंध वाचला होता. फँटम चालू असताना माइकची केबल शॉर्ट झाली की भरलेला कपॅसिटर क्षणात आयसीच्या इनपुटवर रिकामा होतो आणि काही अँपिअरचा झटका देतो, हे त्यांनी दाखवलं. म्हणून चांगल्या किटमध्ये आयसीच्या इनपुटपाशी दहा-दहा ओहमचे रेझिस्टर आणि दोन्ही रेल्सकडे (आयसीला वीज देणाऱ्या अधिक आणि उणे तारांकडे) जाणारे चार डायोड असतात. तुमच्या किटच्या सर्किटमध्ये ते दिसत नसतील तर तो प्रीअँप फँटम चालू ठेवून केबल काढली-घातली की एक दिवस मरणार आहे. किट निवडतानाच हे बघा.

गेनच्या पॉटकडे बहुतेक जण लक्ष देत नाहीत. आयएनए२१७ किंवा दॅट १५१० मध्ये गेन = १ + १०,००० भागिले आरजी. आरजी म्हणजे गेन ठरवणारा रेझिस्टर, पॉट त्याच्याच जागी असतो. आरजी दहा ओहम असला की गेन हजारपट, म्हणजे ६० डीबी. किटमधल्या दहा केच्या पॉटच्या जागी साधा लिनिअर पॉट लावलात तर अर्ध्यावर फिरवूनही गेन साडेनऊ डीबीच होतो, नव्वद टक्के फिरवल्यावर २१, आणि उरलेले चाळीस डीबी शेवटच्या चिमूटभर फिरवण्यात येतात. गाताना ते जुळवता येत नाही. इथे रिव्हर्स-लॉग पॉटच हवा (ज्याचा रेझिस्टन्स शेवटाकडे हळूहळू कमी होतो), आणि तो आपल्याकडच्या दुकानात सहसा नसतो. किटमधला पॉट बिघडला तर बदली मागवण्यापेक्षा बारा पायऱ्यांचा रोटरी स्विच लावा, प्रत्येक पायरीला मोजलेला रेझिस्टर. दोन चॅनल असतील तर गेन हुबेहूब जुळतो, हा वरचा फायदा. दॅट १५१२ मात्र १५१०च्या जागी डोळे झाकून बसवू नका, तिचं सूत्र वेगळं आहे (०.५ + ५,००० भागिले आरजी), त्यामुळे पायऱ्यांच्या सगळ्या किमती बदलतात.

आरजीच्या रांगेत एक मोठा इलेक्ट्रोलिटिक असतो, तीन हजार मायक्रोफॅरडच्या पुढचा. एवढा मोठा कशाला म्हणून कुणीतरी तिथे २२० घालतो. दहा ओहमला २२० म्हणजे पूर्ण गेनला ७२ हर्ट्झपासूनच खाली उतार सुरू. तबला घेत असाल तर डग्ग्याचा घुमारा पातळ झालेला लगेच कळेल. ३,३०० घातला की तोच उतार पाच हर्ट्झच्या खाली जातो.

इथपर्यंतचं काम एका रविवारचं आहे आणि चुकण्यासारखं त्यात फार काही नाही. बोर्ड छापलेला असतो, जागा ठरलेल्या असतात. प्रीअँप शांत होणार की गुणगुणणार हे ठरतं ते पुढे : पॉवर सप्लायमध्ये, अर्थिंगमध्ये आणि डब्यात. माझ्याकडे दुरुस्तीला जी घरची किटं येतात, त्यांचे बोर्ड बहुतेक बरोबर असतात.

आधी मेन्स. अमेरिकेतून आलेल्या किटच्या टोरॉइडला (कड्याच्या आकाराच्या ट्रान्सफॉर्मरला) ११५ व्होल्टचे दोन प्रायमरी, म्हणजे मेन्सच्या बाजूचे वेढे, असतात. आपल्या २३० ला ते सिरीजमध्ये जोडायचे. मॅन्युअलमधलं पहिलं चित्र बरेचदा पॅरलल जोडणीचं असतं, त्यांच्या देशाचं. ते बघून जोडलं तर ट्रान्सफॉर्मर गेलाच. आयईसी इनलेट (पॉवर केबल लागते ते मागचं सॉकेट) फ्यूजसकटचा घ्या. ३० व्हीएच्या टोरॉइडला फ्यूज २५० मिलिअँपचा, टाइम-लॅग जातीचा. साधा फास्ट फ्यूज टोरॉइडच्या सुरुवातीच्या झटक्यातच उडतो, मग माणूस वैतागून दोन अँपिअरचा टाकतो, आणि फ्यूज असून नसल्यासारखा होतो. फेज आधी फ्यूजमधून, मग स्विचमधून, मग ट्रान्सफॉर्मरला. प्रत्येक जोडावर स्लीव्ह. उघडी २३० ची तार डब्यात कुठेही दिसता कामा नये.

हिरवी-पिवळी अर्थची तार थेट डब्याच्या पत्र्याला, स्वतःच्या वेगळ्या बोल्टवर. तो बोल्ट दुसरं काहीही धरत नसावा. आणि इथे एक गोष्ट फार वेळा राहून जाते : डब्याला पावडर कोटिंग असतं, अ‍ॅल्युमिनियम असेल तर अ‍ॅनोडायझिंग, आणि दोन्ही वीज नेत नाहीत. बोल्ट घट्ट आवळलाय, लग बसलाय, दिसायला सगळं ठीक, आणि डबा अर्थ झालेलाच नसतो. बोल्टच्या जागी चमकता पत्रा दिसेपर्यंत पॉलिश पेपर मारा, दातेरी वॉशर घाला, मग मल्टीमीटरने इनलेटच्या अर्थ पिनपासून झाकणापर्यंत, मागच्या पॅनलपर्यंत, पुढच्या पॅनलपर्यंत सगळीकडे मोजा. सगळीकडे एक ओहमच्या आत यायला हवं. झाकण हा वेगळा पत्रा आहे, स्क्रूच्या भोकांतही रंग असतो.

अर्थात हे सगळं घरच्या सॉकेटला खरी अर्थ असेल तरच. जुन्या वाड्यांत, चाळींत तीन भोकांचा सॉकेट असतो आणि मागे तार दोनच येतात. फेज ते अर्थ २३० च्या आसपास आणि न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट मिळत असेल तर अर्थ बहुधा आहे. काहीही भलतं दिसलं तर आधी वायरमन बोलवा. हमसाठी नाही, जिवासाठी.

टोरॉइडचा मधला बोल्ट. तो खाली डब्याच्या तळाला टेकतो हे ठीक. वर त्याचं टोक झाकणाला टेकलं तर बोल्ट, तळ, बाजू आणि झाकण मिळून ट्रान्सफॉर्मरभोवती एक शॉर्ट झालेला वेढा तयार होतो. एका परिचितांचा डबा आला होता : झाकण उघडं असताना उत्तम चालतो, झाकण लावलं की फ्यूज उडतो. सगळा बोर्ड त्यांनी पुन्हा सोल्डर केला होता. बोल्ट अर्धा इंच कापला आणि विषय संपला.

रेग्युलेटरचंही (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या आयसीचंही) असंच. +१५ देणाऱ्या ७८१५ चा धातूचा कान ग्राउंड असतो, तो डब्याला टेकला तरी फार बिघडत नाही. −१५ देणाऱ्या ७९१५ चा कान मात्र इनपुट असतो, म्हणजे त्यावर उणे पंचवीस व्होल्ट. अब्रकाचा वॉशर आणि बुश न लावता तो पत्र्याला आवळला की धूर. ३१७ चा कान आउटपुट, ३३७ चा इनपुट. लक्षात ठेवायची गरज नाही, सगळ्यांनाच अब्रक लावा आणि मल्टीमीटरच्या बझरवर तपासा.

ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी (बाहेर व्होल्टेज देणारी बाजू) १५-०-१५ की १८-०-१८, हा प्रश्न आपल्याकडे महत्त्वाचा आहे. किट बनवणाऱ्याच्या गावी व्होल्टेज स्थिर असतं. तुमच्याकडे संध्याकाळी ते २०० वर उतरत असेल तर १५-०-१५ मधून डायोडनंतर सतराच व्होल्ट उरतात, त्यात रिपल (उरलेला चढउतार), आणि ७८१५ ला वर किमान दोन व्होल्ट हवेत. रेग्युलेटर हात टेकतो आणि शंभर हर्ट्झचा हम थेट रेलवर येतो. ‘दुपारी छान, रात्री आठनंतर गुणगुणतो’ अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हेच मोजायला सांगतो. निवडायची सोय असेल तर अठरा घ्या आणि हीटसिंक थोडं मोठं लावा.

एक्सएलआरची पिन १ कुठे जोडायची, यावर स्वतंत्र लेख होईल, पण उत्तर एका ओळीचं आहे : डब्याच्या पत्र्याला, कनेक्टरच्या अगदी शेजारी, इंचभर तारेने. बोर्डाच्या ऑडिओ ग्राउंडला नाही. नील मन्सी यांनी १९९५ साली हे नीट मांडलं, तेव्हापासून या दोषाला ‘पिन वन प्रॉब्लेम’ म्हणतात, आणि अजूनही बऱ्याच किटांच्या बोर्डावर पिन १ ची वाट ग्राउंडमधून फिरून जाते. शील्डवर आलेला सगळा कचरा मग पहिल्या स्टेजच्या ग्राउंडमधून वाहतो. मोबाइल जवळ आला की टर्र-टर्र, डिमर फिरवला की भुंगा, ही त्याची लक्षणं. बोर्डाचं ग्राउंड डब्याला एकाच ठिकाणी जोडा, इनपुटच्या जवळ. पिन २ आणि ३ पासून डब्याला शंभर ते साडेचारशे पिकोफॅरडचे एनपीओ जातीचे सिरॅमिक कपॅसिटर कनेक्टरवरच लावा, रेडिओ तिथेच अडतो.

चालू करण्याची पद्धत. सॉकेटमध्ये एकही आयसी न लावता, सिरीज बोर्डवर. इलेक्ट्रिशियनकडे असतो तोच, फेजच्या वाटेत बल्ब लावलेला. एवढ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरला चाळीस वॅटचा पिवळा बल्ब पुरे, एलईडी चालणार नाही. स्विच टाकल्यावर बल्ब क्षणभर लुकलुकून विझला तर ठीक. पेटूनच राहिला तर लगेच बंद, कुठेतरी शॉर्ट आहे, आणि तुमचा ट्रान्सफॉर्मर वाचला. मग आयसीच्या सॉकेटवर मोजा : आयएनए२१७ ला पिन ७ वर +१५, पिन ४ वर −१५. एक्सएलआरच्या पिन २ ते १ आणि ३ ते १, फँटम ४४ ते ५२ मध्ये हवा. आता मल्टीमीटर मिलिअँपवर ठेवून पिन २ ते १ जोडा, सात मिलिअँपच्या आसपास यावं. पिन ३ लाही तितकंच. दोन्हींत डोळ्याला दिसेल एवढा फरक असेल तर जोडी जुळलेली नाही किंवा एखादं सोल्डर कोरडं आहे. सगळं बरोबर आलं की वीज बंद, कपॅसिटर रिकामे होऊ द्या, आयसी लावा, पुन्हा सिरीज बोर्डवरून चालू करा आणि आयसीवर बोट ठेवा. कोमट ठीक. चटका बसत असेल तर ती उलटी लागलीय किंवा ऑसिलेट होतेय (इनपुट नसताना स्वतःच सिग्नल बनवतेय). मग रेल्सवरचे शंभर नॅनोफॅरडचे कपॅसिटर आयसीच्या किती जवळ आहेत ते बघा.

आता तोच १५० ओहमवाला कनेक्टर इनपुटला लावा, गेन ६० डीबी, आणि रेकॉर्ड करा. सगळं उत्तम असेल तर आउटपुटवर नॉइज −६८ डीबीयूच्या आसपास यायला हवा. तुमच्या इंटरफेसची लाइन इनपुट +२२ डीबीयूला भरत असेल तर स्क्रीनवर ते −९० च्या आसपास दिसेल. ऑडॅसिटीमध्ये स्पेक्ट्रम काढा. सपाट गवतासारखा नॉइज म्हणजे काम झालं. ५० वर एकटा उंच खांब असेल तर ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र इनपुटच्या तारांत शिरतंय : टोरॉइडचा बोल्ट सैल करा, चालू प्रीअँपचा आवाज हेडफोनवर ऐकत ट्रान्सफॉर्मर हळूहळू फिरवा (हात फक्त ट्रान्सफॉर्मरच्या इन्सुलेशनवर), एका कोनात हम बुडतो, तिथे आवळा. इनपुटच्या दोन्ही तारांना घट्ट पीळ द्या. १०० आणि त्याच्या पटीत खांब असतील तर फिल्टर कपॅसिटरची चार्जिंगची धार ऑडिओच्या ग्राउंडमधून जातेय : ब्रिज ते कपॅसिटर ही तार वेगळी, आणि बोर्डाचं ग्राउंड कपॅसिटरच्या पुढून घ्या. डब्याला हात लावला की आवाज बदलत असेल तर वर म्हटलेला रंग खरवडायचा राहिलाय.

शेवटी जोडणी, कारण इथे बरेच जण चांगला प्रीअँप बनवून नाराज होतात. इंटरफेसच्या कॉम्बो सॉकेटमध्ये एक्सएलआर घातला की सिग्नल इंटरफेसच्या माइक प्रीअँपमधून जातो, म्हणजे तुमच्या प्रीअँपनंतर पुन्हा तोच जुना प्रीअँप. मधल्या भोकात पाव इंची बॅलन्स्ड जॅक घाला आणि इनपुट लाइनवर ठेवा. मागे वेगळी लाइन इनपुट असेल तर ती उत्तम. इंटरफेसचा फँटम बंद. आणि तुमच्या प्रीअँपचा फँटम डायनॅमिक माइकला लागत नसला तरी चुकून चालू राहिला तर केबल बरोबर असेपर्यंत माइकला काही होत नाही. मात्र रिबन माइक कोणी आणला तर तो बंदच ठेवा, आणि बंद केल्यावर कपॅसिटर उतरायला मिनिटभर थांबून मगच केबल लावा.

खर्चाचं विचारलं होतंत. किटच्या किमतीइतकेच पैसे डबा, टोरॉइड, कनेक्टर, नॉब आणि कस्टम्समध्ये जातात असं धरून चला. दोन चॅनलचा बोर्ड घेतलात तर डबा आणि सप्लाय एकच लागतो, म्हणून एकच चॅनल हवा असला तरी जागा दोनची ठेवा. पुढच्या पॅनलला भोकं मात्र आत्ताच दोन्हीची पाडून घ्या, सगळं जोडून झाल्यावर ड्रिल चालवलं की पत्र्याचा कीस बोर्डावर पडतो.